न चाखलेला स्वयंपाक

लग्नमुंजीच्या पंक्तींत शेजारीं बसलेल्या गृहस्थांनीं "आपण काय करतां?" असें विचारलें, तर वकील, डॉक्टर, प्राध्यापक इत्यादि मंडळींचें काम एका शब्दांत भागतें. आमचें तसें होत नाहीं. "आम्ही क्रॉस-कंपाइलरची परीक्षा करतों," असें उत्तर दिलें, कीं विचारणाराच्या मुद्रेवर सहानुभूतीची एक छटा उमटते, आणि तो मठ्ठा घेऊन येणाऱ्या वाढप्याकडे वळतो. इतकीं वर्षें आम्हींहि हा विषय कधीं वाढविला नाहीं. परंतु गेल्या भाद्रपदांत गौरीपूजनाच्या दिवशीं आमच्या थोरल्या काकूंनीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीं आम्हांस गांठलें व विचारलें, "काय रे, तीस वर्षं तूं करतोस तरी काय? मला समजेल असं सांग बरं." काकूंचें वय ब्याऐंशी, त्यांना थाप मारून सुटतां येत नाहीं. सांगावयास बसलों, आणि सांगतां सांगतां आमच्याच हातून पूर्वीं घडलेल्या एका अन्यायाची गोष्ट तोंडून निघून गेली. ती घरांत कोणास ठाऊक नव्हती. आतां निघालीच आहे, तर वाचकांसहि सांगावी असें आम्हांस वाटतें.

प्रथम आमचा धंदा काय तें सांगितलें पाहिजे. यंत्राला फक्त त्याची स्वतःची आंकड्यांची भाषा कळते. मनुष्य प्रोग्रॅम लिहितो तो 'सी' सारख्या भाषेंत. ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीमध्यें १९७२ च्या सुमारास सिद्ध केली, आणि लहान यंत्रांच्या प्रांतांत तिचा अंमल आजहि आहे. ह्या भाषेचें यंत्रभाषेंत भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम, तो कंपाइलर. साधारणतः ज्या संगणकावर भाषांतर होतें, त्याच संगणकावर तें चालतें. म्हणजे भाषांतरकार आणि वाचक एकाच घरांत नांदतात. परंतु आपल्या घरांतील कपडे धुण्याचें यंत्र, भिंतीवरील विजेचा मीटर, मोटरसायकलचें इंजिन, एखाद्याच्या छातींत बसविलेला पेसमेकर, ह्या सर्वांच्या पोटांत एकेक इवलासा संगणक असतो, आणि तेथें भाषांतरकाराला राहावयास जागा नसते. उदाहरणार्थ, विद्यार्थ्यांच्या हातीं नेहमीं दिसणारी एटीमेगा-३२८पी ही चकती घ्या. तिच्यांत प्रोग्रॅमसाठीं जागा ३२ किलोबाइट आणि चालत्या कामाच्या स्मृतीसाठीं केवळ २ किलोबाइट. त्या स्मृतींत प्रस्तुत लेखाचे दोन परिच्छेदहि मावावयाचे नाहींत; कंपाइलर तर स्वतः कोट्यवधि बाइटांचा! तेव्हां भाषांतर मोठ्या संगणकावर करावयाचें आणि तयार झालेला मजकूर त्या लहान यंत्रांत नेऊन भरावयाचा. हें परमुलखासाठीं भाषांतर करणारा जो कंपाइलर, त्याला क्रॉस-कंपाइलर म्हणतात. तो भाषांतर बरोबर करतो कीं नाहीं हें पाहणें, हा आमचा धंदा.

इतकें ऐकून काकू हातांतील पळी खालीं ठेवीत म्हणाल्या, "म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक म्हण कीं! करायचा आपण, पण चाखायचा नाहीं."

आम्ही थक्क झालों. ह्या विषयावर अनेक विद्वानांचे निबंध आम्हीं वाचले आहेत. परंतु त्याचें मर्म इतक्या थोडक्यांत सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. गौरीचा नैवेद्य सोवळ्यांत होतो. पुरण शिजतें, कटाच्या आमटीला फोडणी बसते, सोळा भाज्या होतात. पण देवीपुढें पान मांडल्यावांचून कोणी जिभेवर थेंबहि ठेवीत नाहीं. आमटींत मीठ बेताचें पडलें कीं नाहीं, हें पंक्ति बसल्यावर कळावयाचें!

साध्या कंपाइलरला ही अडचण नाहीं. तो आपल्या हातचें आपण जेवूं शकतो. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपाइलर घ्या. त्याची बांधणी करतांना तीन पायऱ्या असतात. आधीं असलेल्या कंपाइलरकडून नवा तयार करावयाचा. त्या नव्याकडून त्याचेंच भाषांतर पुन्हां करवून घ्यावयाचें. आणि ह्या दुसऱ्याकडून तिसरें. दुसरा आणि तिसरा अक्षरशः सारखे निघाले पाहिजेत; न निघाले तर कोठें तरी मीठ चुकलें आहे. क्रॉस-कंपाइलरच्या नशिबीं हें सुख नाहीं. तो ज्या यंत्रासाठीं रांधतो, तेथें तो स्वतः कधींच जाणार नाहीं.

"मग तुम्ही कळतं कसं म्हणतां?" काकूंनीं विचारलें. आम्हीं उलट विचारलें, "तुम्हांला कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "माप ठरलेलं. इतक्या डाळीला इतकं मीठ. शिवाय वास असतो, उकळीचा आवाज असतो. आणि संशय आलाच तर दुसरीला बोलावून विचारायचं, बाई, तूं किती घातलं असतंस?"

वाचकहो, आमच्या शास्त्रांतील उपाय ह्याहून फारसे निराळे नाहींत. पहिला उपाय मापांचा. लहान लहान हजारों प्रोग्रॅम लिहून ठेवलेले असतात. प्रत्येकाचें खरें उत्तर आधींच ठाऊक असतें. त्या प्रत्येकाचें भाषांतर कंपाइलरकडून निरनिराळ्या पद्धतींनीं करवावयाचें: एकदां जसेंच्या तसें, एकदां वेगासाठीं काटछांट करून, एकदां जागा वांचविण्यासाठीं आणखी काटछांट करून. मग तें लहान यंत्रावर, किंवा त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवून उत्तर ताडून पाहावयाचें. अशी नक्कल करणारा क्यू-एमू हा प्रोग्रॅम फाब्रीस बेलार या फ्रेंच गृहस्थांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून आमच्या धंद्यांतील लोकांची पुष्कळ पायपीट वांचली.

मापांत दुसरीहि एक खोंच आहे. १९५६ सालीं दशमान मापांचा कायदा झाला, त्यापूर्वीं गांवोगांवचा शेर निराळा असे, हें काकूंना आठवत होतें. यंत्रांचेंहि तसेंच आहे. 'सी' भाषेंत अक्षर ठेवण्याचें जें सर्वांत लहान माप, तें आमच्या टेबलावरील संगणकावर उणें १२८ पासून १२७ पर्यंतचे आंकडे धरतें. तेंच एआरएम जातीच्या यंत्रांवर बहुधा ० पासून २५५ पर्यंतचे धरतें. एकीकडे उणें एक ठेवला तर उणें एक परत मिळतो. दुसरीकडे तोच ठेवला तर २५५ हातीं येतो. पूर्णांकाचें साधें माप आमच्याकडे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातें. वर सांगितलेल्या लहान चकतीवर तें ३२,७६७ पाशींच भरतें. आतां प्रोग्रॅमांतील जो हिशेब आधींच होण्यासारखा असतो, तो कंपाइलर भाषांतर करतांनाच करून टाकतो. हा हिशेब होतो येथें, पण झाला पाहिजे तेथल्या शेरानें. अपूर्णांकांच्या हिशेबांत यजमान संगणकाचें माप मध्यें येऊं नये, म्हणून जीसीसीनें २००८ पासून असे हिशेब एका स्वतंत्र गणितग्रंथालयाकडे सोंपविले, तें याच कारणानें.

दुसरा उपाय जावांचा. एकच कृति दोन जावांना निरनिराळ्या चुलींवर करावयास द्यावी; चव निराळी निघाली तर दोघींपैकीं एक निश्चित चुकली. खरें उत्तर आधीं ठाऊक असण्याची गरजच नाहीं. विल्यम मॅकीमन यांनीं १९९८ सालीं हीच युक्ति शास्त्रीय रूपांत मांडली. पुढें युटा विद्यापीठांतील मंडळींनीं सी-स्मिथ नांवाचा एक प्रोग्रॅम केला. तो चित्रविचित्र परंतु भाषेच्या नियमांस धरून असणारे प्रोग्रॅम आपोआप रचतो, आणि मग ते अनेक कंपाइलरांना घालून उत्तरें ताडून पाहावयाचीं. तीन वर्षांत ह्या मंडळींनीं सव्वातीनशेंहून अधिक दोष कळविले, आणि २०११ सालीं लिहिलें कीं, तपासलेल्यांपैकीं एकहि कंपाइलर निर्दोष निघाला नाहीं. फ्रान्समध्यें झाव्हिए लरॉय यांनीं गणिती सिद्धतेसह जो कंपाइलर रचला आहे, त्याच्या सिद्ध केलेल्या भागांत मात्र चुकीचें भाषांतर त्यांना आढळलें नाहीं. न सिद्ध केलेल्या भागांत त्यांतहि दोष सांपडले.

एवढें सांगून होईपर्यंत पुरण वाटून झालें होतें. काकू म्हणाल्या, "मग तुमचं सगळं नीटच चालत असेल." येथें आम्हांस गप्प बसतां आलें असतें. परंतु सणाच्या दिवशीं, देवीसमोर, तें जमलें नाहीं.

२०१३ सालची गोष्ट. दूधसंकलन केंद्रांवर दुधाची परीक्षा करणारें यंत्र ज्या कारखान्यांत होत असे, तेथें आम्ही नोकरीस होतों. पहांटे शेतकरी आपापल्या किटल्या घेऊन रांगेंत उभे राहतात. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्रांत जातो. स्निग्धांश व इतर घनांश यांचे आंकडे उमटतात, आणि त्यावर दर ठरून पावती निघते. त्या पावतीवर घरचा किराणा आणि मुलांच्या वह्या येतात, हें सांगावयास नको. त्या वर्षीं यंत्रांत नवी चकती बसविली होती व तिच्यासाठीं नवा क्रॉस-कंपाइलर आणला होता. त्याची परीक्षा आमच्याकडे होती. तीन आठवडे आम्हीं ती कसोशीनें केली, हजारों प्रोग्रॅम चालविले, एकहि चुकला नाहीं, आणि आम्हीं "योग्य आहे" म्हणून खालीं सही केली.

चार महिन्यांनीं घाटावरच्या कांहीं गांवांहून तक्रारी येऊं लागल्या. गाईच्या दुधाला म्हशीच्या दुधाचे आंकडे येत, आणि म्हशीच्या दुधाला गाईचे. पहिल्या प्रकाराला लोक हंसत. दुसऱ्या प्रकारांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. "माझ्या म्हशीचं दूध रातोरात गाईचं कसं झालं?" असें विचारीत एक बाई केंद्राच्या दारांत तासभर बसून राहिल्या, असें तेथें गेलेल्या माणसानें येऊन सांगितलें. कारखान्यांत मात्र तेंच यंत्र कितीहि वेळ चालविलें तरी बिनचूक चाले.

यंत्राचा प्रोग्रॅम एका तरुण अभियंत्यानें लिहिला होता. त्याची नोकरी अद्याप कायम व्हावयाची होती. सभेंत त्यानें उभें राहून सांगितलें, "साहेब, मोजणी करणाऱ्या भागांतून पहिल्यांदां वाचलें म्हणजे मागच्या नमुन्याचा आंकडा निघतो आणि नवी मोजणी सुरू होते, म्हणून मी तो टाकून देऊन दुसऱ्यांदां वाचतों. प्रोग्रॅमांत दोनदां लिहिलें आहे. पण यंत्र कधीं कधीं एकदांच वाचतें असा माझा संशय आहे. कंपाइलरनें काय केलें तें आपण पाहाल का?"

आम्हीं काय उत्तर दिलें, तें आज लिहितांना हात आंखडतो. आठदहा माणसांसमक्ष आम्हीं म्हटलें, "आपली चूक कंपाइलरवर ढकलणें हें नवशिक्याचें पहिलें लक्षण आहे." मंडळी हंसली. तो खालीं बसला. आमच्या धंद्यांत अशी म्हणच पडून गेली आहे कीं, संशय घ्यावयाचा तो कंपाइलरवर सर्वांत शेवटीं. आणि शंभरांतल्या नव्व्याण्णव वेळां तें खरेंहि असतें. पण उरलेल्या एका वेळेसाठींच आम्हांस पगार मिळत होता, ह्याचा त्या क्षणीं आम्हांस विसर पडला. पुढें त्याची नोकरी कायम करण्याचें सहा महिने लांबणीवर पडलें. तो राजीनामा देऊन गांवीं निघून गेला.

त्यानंतर सुमारें दोन महिन्यांनीं दुसऱ्याच एका कामासाठीं आम्ही त्या प्रोग्रॅमचा यंत्रभाषेंतील उतारा चाळीत होतों. वीज गेल्यावर यंत्र बॅटरीवर येऊन पुन्हां जागें होतें, तेवढ्या भागापाशीं आमची नजर अडखळली. दोन वाचनांच्या जागीं एकच वाचन होतें. काटछांट न करतां भाषांतर केलें तर दोन. जागा वांचविण्याच्या पद्धतीनें केलें तर एक. पहिल्या वाचनाचा आंकडा पुढें कोठें वापरलेला नाहीं, तेव्हां तें निरर्थक आहे, असें समजून कंपाइलरनें तें गाळलें होतें. कारखान्यांत वीज कधीं जात नसे. गांवांत रोज पहांटे जाई. सर्व उलगडा एका पानावर होता.

येथें घरांत नेहमींच्या असलेल्या एका गोष्टीचा दृष्टान्त पुरे होईल. संध्येंत आचमन तीनदां करावयाचें असतें. एखादा अतिशहाणा म्हणेल, तहान तर शेवटच्या पळीनेंहि भागते, मग आधींच्या दोन कशाला? पण तेथें तहान हा प्रश्नच नसतो; तीन पळ्या घेणें हाच विधि. 'सी' भाषेंत 'व्होलाटाइल' असा एक शब्द आहे. तो लिहिला म्हणजे भाषांतरकाराला आज्ञा होते कीं, येथलें प्रत्येक वाचन व प्रत्येक लेखन हा विधि आहे. त्यांतलें एकहि कमी करूं नकोस. त्या तरुणानें तो शब्द योग्य जागीं लिहिला होता. चुकला होता तो कंपाइलर, आणि त्याच्या मागोमाग आम्ही.

आमच्या परीक्षेंत हा दोष कां सांपडला नाहीं? आम्ही चालविलेल्या नकली यंत्रांत ती जागा म्हणजे साधी स्मृति होती. ती एकदां वाचा कीं दहादां, उत्तर तेंच. आम्ही उत्तरें तपासलीं, विधि मोजला नाहीं. आणि हें पूर्वीं कोणाला सुचलें नव्हतें म्हणावें, तर तेंहि नाहीं. २००८ सालींच एरिक आइड व जॉन रेगर ह्यांनीं तेरा कंपाइलर ह्याच दृष्टीनें तपासले होते, आणि तेराहि कोठें ना कोठें चुकलेले आढळले होते. त्यांची रीति साधी होती: अशा जागेंतील वाचनें व लेखनें मोजावयाचीं, आणि काटछांटीच्या प्रत्येक पद्धतींत ती संख्या तीच राहते कीं नाहीं तें पाहावयाचें. त्यांचा निबंध आमच्या टेबलाच्या खणांत होता. त्यावर आमच्या हातच्या खुणाहि होत्या. आम्हीं तो वाचला होता, आणि तो दुसऱ्यांच्या कंपाइलरांविषयीं आहे असें समजून मिटून ठेवला होता.

त्याच दिवशीं आम्हीं वरिष्ठांस सर्व लेखी कळविलें. यंत्रें दुरुस्त झालीं. परंतु ज्या शेतकऱ्यांचें नुकसान झालें, त्यांचा हिशेब मात्र लागूं शकला नाहीं. कारण वीज केव्हां गेली ह्याची नोंद पावतीवर नव्हती. कोणाचे किती रुपये कोणाकडे गेले, हें आतां कोणालाच कधीं कळणार नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्ही त्या तरुणाच्या गांवीं गेलों. त्याच्या आईनें बसावयास सतरंजी घातली, चहा केला. मुलाच्या कचेरींतले मोठे साहेब आले ह्याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता, आणि त्यामुळें आम्हांस अधिकच अवघड झालें. आम्हीं तो उतारा त्याच्यापुढें ठेवला व म्हटलें, "तुमचें बरोबर होतें. आम्हीं पाहिलें नाहीं, आणि वर चारचौघांत तुम्हांला हिणविलें. आम्हांला क्षमा करा." नोकरी परत देण्याविषयीं वरिष्ठांचें पत्रहि आम्हीं बरोबर नेलें होतें. त्यानें उतारा दोनदां वाचला. पत्र घडी घालून परत दिलें. त्याला दुसरीकडे काम मिळालें होतें. रागाचा एक शब्दहि तो बोलला नाहीं. मात्र निरोप देतांना त्यानें विचारलें, "साहेब, ह्याची कसोटी आतां ठेवली आहे ना?"

ठेवली होती. आमच्या धंद्यांत प्रायश्चित्ताची हीच एक रीति आहे. दोष सांपडला कीं तो दाखविणारा लहानांत लहान प्रोग्रॅम लिहावयाचा, आणि तो कसोट्यांच्या संग्रहांत कायमचा ठेवावयाचा. म्हणजे पुढें कंपाइलरची कितीहि नवीं रूपें निघालीं तरी प्रत्येकाला त्या उंबऱ्यावरून जावें लागतें. आमच्या त्या कसोटीच्या ओळी अवघ्या नऊ आहेत. तींत ना त्या तरुणाचें नांव आहे, ना त्या म्हशीचें. ती फक्त वाचनें मोजते, आणि दोन भरलीं नाहींत तर "नापास" म्हणते.

डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यांनीं पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीं बजावून ठेवलें आहे कीं, परीक्षेनें दोष आहे एवढें दाखवितां येतें. दोष नाहीं हें दाखवितां येत नाहीं. हें वचन आम्ही नव्या उमेदवारांना पहिल्याच दिवशीं ऐकवीत असूं. त्या सभेंत मात्र आम्ही स्वतः त्याच्या उलट बोललों. आमच्या सहीचा अर्थ "आम्हांला दोष सांपडला नाहीं" एवढाच होता. आम्हीं तो "दोष नाहीं" असा वाचला, आणि त्याचा भार एका पोराच्या डोक्यावर ठेवला. घरांत आमटी बिघडली कीं सून हाताची जड म्हणून तिला बोल लावावयाचा, आणि मिठाचें मापटेंच पोंचलेलें आहे हें कोणी उलटून पाहावयाचें नाहीं, त्यांतलाच हा प्रकार!

काकूंनीं हें सर्व ऐकून घेतलें. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "अरे, मी पंक्तींत वाढतांना कां उभी राहतें, ठाऊक आहे? पहिला घास घेतल्यावर प्रत्येकाचं तोंड पाहावं लागतं. 'छान झालंय' सगळेच म्हणतात. पण एखादं लहान पोर हात आंखडतं, तिकडे बघायचं."

त्या दिवशीं नैवेद्य झाला, पंक्ति बसली. आमच्या पुतण्याच्या धाकट्या मुलीनें आमटीचा एक भुरका घेतला आणि वाटी हळूच बाजूला सारली. कोणाचें लक्ष नव्हतें. काकू मात्र पळी हातांत घेऊन तेथें जाऊन उभ्या राहिल्या, आणि वांकून तिला विचारूं लागल्या.